नानांच्या बाथरूमचा लाल टॅग

आता कुठल्या तोंडाने सांगू, हा प्रश्नच आहे. पण चहा तुम्ही पाजताय, तेव्हा सांगून टाकतो. माझ्या बेडरूमच्या भिंतीला ओल आली आणि तिच्यात मी पुरता भिजलो.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. पार्ट खराब निघाला की आम्ही ‘का?’ असं पाच वेळा विचारतो. खरं सांगू का, पाचव्या ‘का’चं उत्तर आधीच ठरलेलं असतं: चूक सप्लायरची. मग मालावर ‘रिजेक्ट’चा लाल टॅग चिकटवायचा, सप्लायरला बोलावून झापायचं आणि कॅन्टीनला जायचं.

तर गेल्या पावसाळ्यात, रावेतच्या आमच्या फ्लॅटमध्ये कपाटाशेजारी काळपट डाग उमटला. शेजारी नवी बिल्डिंग चढतेय, धूळ येते, म्हणून खिडकीच्या फटी मी टेप लावून बुजवल्या होत्या. धुतलेले युनिफॉर्म आतच, पंख्याखाली वाळायचे.

बायको म्हणाली, “अहो, ती खिडकी उघडून बघा ना. किती कोंदट वास येतोय.”

“वासावरून ठरवत नाहीत. ॲनालिसिस करावं लागतं.”

केलं. भिंत ओली का? पाणी आलं म्हणून. पाणी का आलं? वरून झिरपलं म्हणून. वर कोण? नाना. पाच ‘का’ लागलेच नाहीत, सप्लायर तिसऱ्यातच सापडला.

नाना मूळचे इथलेच. आमची बिल्डिंग उभी आहे तिथे त्यांची ज्वारी असायची. माणूस देवभोळा असतो ना, तसे ते साहेबभोळे.

“नाना, तुमच्या बाथरूमची फरशी गळतेय.”

“आमाला तर काय दिसंना, साहेब.”

“तुम्हाला कसं दिसेल? आमच्याकडे दिसतं.”

“तुमी एवढं शिकल्यालं. म्हणताय म्हंजी आसंल. पण रविवारी आमच्या सोनीला बघाया पाव्हणं येनारेत. त्येंचं झाल्यावर फरशी काढू का?”

यावर शहाण्या माणसाने काय म्हणावं? मी म्हणालो, “नाना, डिफेक्ट पाहुण्यांसाठी थांबत नाही.” आणि कंपनीतून आणलेला लाल टॅग त्यांच्या बाथरूमच्या दाराला चिकटवून आलो.

बिचाऱ्यांनी फरशी उखडली. अख्खं घर भावाकडे आंघोळीला जाऊ लागलं. आणि डाग? तो मजेत वाढत होता. मला वाटलं, आता नानांचं स्वयंपाकघर.

पण या वेळी पुरावा पक्का हवा होता. पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद भिंतीवर लावला, चारी कडा टेपने बंद केल्या आणि शनिवारी नानांना बोलावून नियम समजावला.

“हे बघा नाना. थेंब कागदाच्या मागे असले तर पाणी भिंतीतून, म्हणजे सप्लायर तुम्ही. थेंब पुढे असले तर खोलीतली वाफ, म्हणजे सप्लायर आम्ही.”

“बरं,” नाना म्हणाले. मग चष्मा नाकावर घेऊन कागदाजवळ गेले. “साहेब, थेंब तर फुडंच हायेत.”

मी कागद टराटरा काढला. मागची बाजू ठणठणीत कोरडी. बायकोने खिडकीवरची टेप ओढून काढली. पंख्याखाली माझे चार युनिफॉर्म ठिबकत होते. नाना वर गेले, टॅग घेऊन आले आणि आमच्या बेडरूमच्या दाराला लावून गेले. मला इतकी लाज वाटली की थांबवताही आलं नाही.

रविवारी पाहुणे आले. नानांकडे बाथरूम नाही, म्हणून हातपाय धुवायला सगळी मंडळी आमच्याकडे, बेडरूममधून आत. मी दाराशी टॉवेल घेऊन उभा. सोनीचं स्थळ माझ्यामुळे मोडू नये, एवढंच मनात होतं.

मुलाचे वडील तोंड पुसता पुसता भिंतीकडे बघून म्हणाले, “ओल आलीय की हो. वरून झिरपतं वाटतं?”

मी नानांकडे बघितलं. नाना शांतपणे म्हणाले, “न्हाई पाव्हणं. सप्लायर ह्ये काय, टावेल घिऊन हुबे हायेत.”