अख्ख्या फळाची कॉफी आणि आतोबांची वही

आमच्या आतोबांना अर्धं म्हणून काही चालत नाही. हुबळी आणि धारवाड या जोडगावांत मिळून इतका पुरेपूर माणूस दुसरा सापडायचा नाही, हे मी पैजेवर सांगेन. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. बँकेत होते, आता निवृत्त होऊन सप्तापुरात असतात. पेपर हातात घेतला की पहिल्या पानावरच्या तारखेपासून शेवटच्या पानाच्या तळाशी छापलेल्या मुद्रकाच्या पत्त्यापर्यंत वाचतात, मधल्या टेंडर नोटिसांसकट. सिनेमाला गेले तर पडद्यावरून शेवटच्या वायरमनचं नाव सरकून जाईपर्यंत उठत नाहीत. दारावरचा माणूस झाडू घेऊन शेजारी उभा राहतो आणि आतोबा त्यालाही बसायला सांगतात. लग्नातून ते निघतात ते मांडववाला खुर्च्या उचलायला लागल्यावर. खाण्याच्या बाबतीत तर विचारूच नका. कलिंगडाच्या पांढऱ्या भागाचे दोसे, संत्र्याच्या सालीचं आंबटगोड गोज्जू, दोडक्याच्या शिरांची चटणी, मटारच्या टरफलांची भाजी हे सगळं मी त्या घरात लहानपणापासून खात आले आहे, आणि खोटं कशाला सांगू, आवडीनं खात आले आहे. आमच्याकडे हॉटेलात दोन माणसं गेली की एक कॉफी मागवून दोन पेल्यांत वाटून घेतात, त्याला बाय-टू म्हणतात. सगळं गाव बाय-टू पितं. आतोबांनी जन्मात कधी बाय-टू मागवलेली नाही. "अर्धी कॉफी म्हणजे काय? अर्धा नमस्कार करतो का आपण कुणाला?" असं ते वेटरलाच विचारतात.

नोकरीची बहुतेक वर्षं त्यांची मलनाडात, म्हणजे घाटातल्या कॉफीच्या मुलखात, बदल्यांवर गेली आणि आत्या इथं मराठी शाळेत शिकवत राहिली. सुट्टीपुरते भेटायचे. त्यामुळे निवृत्तीनंतर दोघांनी एकच चैन ठरवली होती, ती म्हणजे दुपारी चार वाजताची कॉफी. आत्या फिल्टरची कॉफी करायची, आतोबा बाहेरच्या कट्ट्यावरची पानं झाडून तिथं जुनी शाल अंथरायचे, आणि दोघं दोन पेले घेऊन बसायचे. मी कॉलेजात शिकवते, तिथून घरी जाताना त्यांच्याच दारावरून जाते. किती वेळा मी फाटकाशी उभी राहून नुसती बघत राहिले आहे. धारवाडची चार वाजताची उन्हं मऊ असतात, विद्यापीठाच्या टेकडीवरून वारा उतरतो, कडुनिंबाची सावली कट्ट्यावर हळूहळू पुढं सरकते, आणि ही दोन म्हातारी माणसं काहीही न बोलता कॉफी पीत असतात. बोलायचं राहून गेलेलं इतकं होतं, की सुरुवात कुठून करावी हे त्यांना कळत नसावं. मला तिथं उभ्याउभ्या झोप यायची, इतकं ते शांत असायचं.

मग आत्याच्या छातीत धडधड सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या आणि कॉफी बंद करायला सांगितली. आत्यानं निमूट ऐकलं. आतोबांनी मात्र त्यातून आपला एक नियम काढला, की जिला कॉफी बंद तिच्यासमोर आपण पिणं बरं नव्हे. म्हणून चार वाजले की ते छत्री घेऊन नाक्यावरच्या हॉटेलात जायला लागले. ही त्यांची माया होती, पण तिचा परिणाम असा झाला की आत्या जिऱ्याचं गरम पाणी घेऊन कट्ट्यावर एकटी बसायची. एकदा मी फाटकातून विचारलं, कशी आहेस, तर म्हणाली, "बरी आहे की. पण चार वाजता घड्याळाकडं बघवत नाही बघ." मी हे आतोबांना सांगितलं. त्यांनी त्याचा अर्थ लावला, की हिला कॉफीची आठवण येते. आणि हिला निर्धास्तपणे पिता येईल अशी कॉफी आपण शोधून काढायची, असं त्यांनी मनावर घेतलं.

मलनाडात असताना एका मळेवाल्याशी त्यांचा स्नेह जमला होता. त्याच्याकडे त्यांनी कॉफीची लालभडक फळं यंत्रात जाताना पाहिली होती. एका बाजूनं बिया निघायच्या आणि दुसऱ्या बाजूनं साल आणि गर चिखलासारखा खड्ड्यात पडायचा. तो खड्डा आतोबांच्या डोळ्यांपुढून इतक्या वर्षांत हलला नव्हता. "आंबा फेकून द्यायचा आणि कोय उकळून प्यायची, अशी ही रीत आहे," ते सांगायचे. आता कुठंतरी त्यांनी वाचलं, की हल्ली अख्ख्या फळाची कॉफी करतात, बी, गर, सालीसकट. सालीत म्हणे अँटिऑक्सिडंट असतात, गरात चांगली चांगली द्रव्यं असतात, आणि गरात कॅफीन बीपेक्षा कमी असतं. मग काय विचारता. आतोबांच्या साऱ्या आयुष्याला जणू पाठिंबाच मिळाला. मळेवाल्याला फोन गेला आणि जानेवारीत फळांची दोन पोती बसनं येऊन दाखल झाली.

ते दोन महिने मला अजून स्वप्नासारखे आठवतात. गच्चीवर जुन्या साड्या अंथरून त्यांवर फळं पसरलेली, खालून वर बघितलं तर गच्चीचा कठडा लाल दिसायचा. बुलबुल यायचे. आतोबा पंचा पांघरून खुर्चीत बसायचे आणि त्यांना हाकलायचेही नाहीत, कारण पाखरं अख्खं फळ खातात हे त्यांच्या मताला धरूनच होतं. फळं सुकत गेली तसा वास बदलत गेला, आधी ओल्या गवताचा, मग गुळाचा, मग मनुकांचा. संध्याकाळी मी पेपर तपासायला म्हणून गच्चीवर जायचे आणि गठ्ठा मांडीवर ठेवून पेंगायचे. सुकलेली फळं कुटून, उकळून, गाळून त्यांचा काढा काकवीसारखा दाट होईपर्यंत आटवायचा, असा त्यांचा बेत होता. तो वाळवायला त्यांनी गोकुळ रोडच्या एका वर्कशॉपात पत्र्याची ताटं बसवलेलं गरम हवेचं कपाट करून घेतलं. त्या मिस्त्रीनं आजवर पापडांसाठी अशी कपाटं केली होती, तो शेवटपर्यंत यांना पापडवालेच समजत होता. ताटांवर कॉफीची फणसपोळीसारखी पातळ पोळी धरायची, ती आतोबा उलथन्यानं खरवडायचे आणि आत्या खलात कुटायची. शेवटी कोप्पीकर रोडवरून आणलेला एक मोठा लाल डबा भरला. गरम पाणी घातलं की झाली कॉफी तयार.

पहिला पेला मला मिळाला. चव सांगायची तर चिंचेचा कोळ आणि जळका गूळ एकत्र करून त्यात कुणीतरी कॉफीचं नुसतं नाव घेतलं असावं. पण आमच्या गावात यजमानानं हातात दिलेला पेला वाईट म्हणायची पद्धत नाही. शिवाय आतोबा समोर उकिडवे बसून माझ्या तोंडाकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, काही फरक वाटला का. मी म्हणून गेले, "रात्री झोप काय छान लागली, आतोबा." त्यांनी लगेच शंभरपानी वही काढली, रेघा मारल्या, आणि नाव, कधी घेतली, काय लाभ झाला असे तीन रकाने करून माझी झोप पहिल्या ओळीत लिहून टाकली.

तिथून पुढं त्या वहीला जो पूर आला तो आवरेना. समोरचे कानडीचे प्राध्यापक प्रत्येक घोटाला "छलो ऐती" म्हणायचे, आणि नुसतं छान आहे म्हणून सुटका होत नाही हे कळल्यावर त्यांनी चष्म्याशिवाय वाचता येऊ लागल्याचं सांगितलं. शेजारच्या वकीलसाहेबांचा राग शांत झाला. दूध घालायला येणाऱ्या बाईंनी आपला पेला डब्यात ओतून घरी नेला आणि म्हशीला पाजला, आणि हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलंही. म्हैस त्या दिवशी लाथ न मारता दूध देऊन गेली. आतोबांनी म्हशीसाठी वेगळं पान राखलं. दुसरा पेला टळावा म्हणून लोक लाभ सांगायचे, आणि लाभ ऐकून आतोबा हर्षभरानं दुसरा पेला करायचे. आत्याला मात्र त्यांनी थेंबही दिला नव्हता. डॉक्टरांची परवानगी आल्याशिवाय द्यायची नाही, हे त्यांचं पक्कं होतं. रोज वही वाचून झाली की म्हणायचे, "अजून थोडी पानं भरू देत. मग तुला विचारायलाच नको." आत्या खल धुऊन ठेवायची आणि चारला कट्ट्यावर जाऊन बसायची, एकटीच, कारण आतोबा त्या वेळी कुणा ना कुणाच्या घरी डबा घेऊन गेलेले असायचे.

वही अर्धी झाली तेव्हा आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. अर्ध्या वहीवर जाणं आतोबांच्या स्वभावात बसत नव्हतं, पण त्यांना धीर निघेना. डॉक्टरीणबाई तरुण, पण सबुरीच्या. त्यांनी वही पहिल्या पानापासून वाचली, म्हशीच्या पानावर जरा थांबल्या, मग परत पहिल्या ओळीवर आल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "झोप लागली हे तुमचं आहे का? खरं सांगा. यांच्या औषधाचा प्रश्न आहे."

आतोबा माझ्याकडे अशा भरवशानं बघत होते की मला रडू यायला लागलं. आत्याची पिशवी तिच्या मांडीवर होती आणि ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. मी म्हणाले, झोप लागली नव्हती. दोन वाजेपर्यंत टक्क जागी होते. आतोबांना बरं वाटावं म्हणून बोलले, आणि बाकीच्यांनीही बहुधा तेच केलं. एवढं बोलायला मला वर्ष लागल्यासारखं वाटलं. मला माझीच लाज वाटत होती, कारण तो सगळा पूर माझ्या एका ओळीतून सुरू झाला होता.

डॉक्टरीणबाईंनी वही मिटली नाही. त्या आतोबांना हळू आवाजात म्हणाल्या, "सर, सालीत चांगलं असेलही. पण अख्खं फळ म्हटल्यावर बी पण आतच आली की. कॅफीन गेलं कुठं?"

सगळ्या गोष्टी शेवटपर्यंत बघणाऱ्या माणसानं फळाच्या आत बघायचं विसरावं, हे आतोबांच्या आत्ता लक्षात येत होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग डॉक्टरीणबाईंनी आत्याची नाडी बघितली, मशीनचा कागद बघितला आणि म्हणाल्या, धडधड आता बरीच कमी आहे, तर दिवसाला अर्धा कप चालेल, कुठलीही कॉफी घ्या, पण अर्धाच. परत त्रास झाला तर बंद. "अर्धा कप. साकु, तेवढा पुरे," असं त्यांनी आतोबांना मुद्दाम बजावलं.

घरी आल्यावर आतोबांनी लाल डबा माळ्यावर टाकला. दुसऱ्या दिवशी चारला मी मुद्दाम लवकर गेले. आतोबा छत्री शोधत होते. आत्यानं मला आत बोलावून पाणी गरम करायला सांगितलं. फिल्टरमध्ये ताजी कॉफी उतरलेली होती, मी तिकडे हात नेला तर ती म्हणाली, ती नको, माळ्यावरचा डबा काढ. मी म्हणाले, आत्या, ती आंबट आहे, कुणालाच आवडली नाही. "असू दे. कुटली मी आणि मलाच चव माहीत नाही होय?" तिनं एकच पेला भर करायला लावला, दोन पेल्यांत सारखा ओतला आणि बाहेर घेऊन गेली. आतोबांनी तो अर्धा पेला हातात घेतला आणि बराच वेळ नुसता धरून ठेवला. मग छत्री भिंतीला टेकवून कट्ट्यावर बसले. आत्यानं पहिला घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि दुसरा घेतला.

याला आता वर्ष होऊन गेलं. मळेवाल्यानं मळा विकला, मुलाकडे गेला, त्यामुळे आता पोती येणार नाहीत. डब्यात भुकटी तळाला गेली आहे, आणि आत्या हल्ली चमचा जरा कमीच भरते. ती संपली की फिल्टरची करू, असं मी म्हणते, आणि आत्या डब्याचं झाकण आणखी घट्ट लावते. मी पण आता अर्ध्या घोटाची वाटेकरी आहे. वाईट लागते असं मी रोज स्पष्ट सांगते आणि आतोबा खूश होतात.

परवा चारला आतोबा काहीतरी शोधत असताना ती वही वर आली. त्यांच्या सवयीनं त्यांनी ती पुठ्ठ्यापासून वाचायला घेतली, माझी झोप, प्राध्यापकांचा चष्मा, म्हशीचं पान. शेवटच्या ओळीखाली आणखी एक ओळ होती, शाळेतल्या फळ्यावरच्या गोल अक्षरात. नावाच्या रकान्यात आत्याचं नाव. कधी घेतली, तर रोज. काय लाभ झाला या रकान्यात लिहिलं होतं, चार वाजता हे घरी असतात.

आतोबांनी ते वाचलं आणि पुढं आणखी काही आहे का म्हणून पान उलटलं. ते कोरं होतं. त्यांनी पुढचं उलटलं, त्याच्या पुढचं उलटलं, आणि एकही न गाळता शेवटच्या पुठ्ठ्यापर्यंत सगळी कोरी पानं सावकाश बघितली. आत्या कडुनिंबाकडे बघत बसली होती.

"निवायलीय कॉफी," ती म्हणाली. "घ्या की."