हजार फुटांचं अंतर

रिकाम्या जागी किस्से फार साठतात. नांदेडबाहेरचं आमचं विमानाचं मैदान तसलंच. निजामी अमलाची शेवटची वर्षं. आठवड्याला दोन-तीन विमानं, बाकी वारा आणि कुसळं. माणसं तीन : वायरलेसवर गफूरभाई, पहाऱ्यावर मारोती, बॅरोमीटरपाशी मी. मी हवेचा दाब वाचायचा, गफूरभाईंनी पायलटला कळवायचा, त्यानं त्यावर आपलं आल्टिमीटर, म्हणजे उंचीचा काटा, लावायचं. आकडा चुकला की काटा खोटी उंची सांगणार. काम एवढंच, पण जीव टांगणीला!

* * *

लातूरहून एक गृहस्थ आपल्या मुलीचं स्थळ घेऊन आले.

"करता काय?"

"हवेचा दाब मोजतो."

"आणि मग?"

"दुपारी परत मोजतो."

गृहस्थ अर्धा चहा टाकून उठले. उरलेला चहा आईनं माझ्यासमोर आदळला.

* * *

हैदराबादहून मोठे साहेब तपासणीला आले. वही चाळून कडाडले, "रोज आकडा वेगळा? उद्यापासून एकच लिहा!" लेखी हुकूम दिला, शिक्क्यासकट.

गफूरभाई अदबीनं म्हणाले, "हुजूर, एक नक्कल हवेलाही पाठवू?"

त्यांची बढती तिथंच थांबली. कायमची.

* * *

गफूरभाई उर्दू आकडे वाचणारे, मी मराठी लिहिणारा. उर्दूतला पाचही गोलच; एकदा घाईतल्या चिठ्ठीवरचं माझं शून्य त्यांनी पाच म्हणून वाचलं. त्यात धुकं. विमान उतरलं ते शेपटीत बाभळीची फांदी घेऊनच!

पायलट म्हणाला, "काटा तर अजून दीडशे फूट दाखवत होता."

त्या दिवसापासून मी आकडा तोंडी तीनदा सांगायचो, गफूरभाई तीनदा म्हणून दाखवायचे. हसायचं कुणी नाही.

* * *

मारोती किनवटकडचा. बायकोला दमा. रोज सकाळी खिडकीशी यायचा.

"आज हवा हलकी हाय का, सायेब?"

आकडा काही असो, मी म्हणायचो, "हलकी आहे."

"मंग बरं."

एकदा आठ दिवस आलाच नाही. नवव्या दिवशी खिडकीशी न येता थेट पहाऱ्यावर उभा राहिला. मीच म्हणालो, "मारोती, आज हवा हलकी आहे रे."

"ऱ्हाऊ द्या, सायेब. आता न्हाई लागत."

* * *

आणि तो श्रावणातला दिवस. मैदानात चिखल, वर ढगच ढग. एक विमान आमच्याकडून उडालं, आमच्या जमिनीवर काटा शून्याला लावून. गफूरभाईंनी सांगितलं, "दोन हजारांवर राहा." समोरून हैदराबादचं विमान येत होतं. त्याला सांगितलं, "तुम्ही वर, तीन हजारांवर." मध्ये हजार फूट. वहीत मीच लिहिलं.

हैदराबादवाल्याचा काटा मात्र समुद्रसपाटीपासून मोजत होता. आणि नांदेडची जमीनच समुद्रापासून साडेबाराशे फूट वर! म्हणजे आमचे दोन हजार ते त्याचे सव्वातीन हजार.

हे माझ्या डोक्यात आलं तोवर दोन्ही विमानं ढगात शिरली होती. गफूरभाई वायरलेसवर ओरडत होते. उत्तर नाही. मी बाहेर धावलो. दोन आवाज जवळ आले, त्यांचा एकच झाला. मग, किती वेळानं कोण जाणे, पुन्हा दोन.

हैदराबादचं विमान उतरलं. पायलट चालत आमच्या खोलीपर्यंत आला आणि चौकट धरून उभा राहिला.

"वर मीच होतो ना?"

गफूरभाईंनी मान डोलावली.

"मग माझ्या डोक्यावर त्याच्या चाकांचा चिखल कसा दिसला?"