कडूबा मास्तरांचे कागद

कडूबा मास्तरांच्या घरात कुणी पाऊल टाकलं की ते आधी ‘या’ म्हणत नसत. येणाऱ्याची चाल ऑर्गनवर वाजवत. मी धारूरला त्यांच्याकडे पहिल्यांदा शिकायला गेले तेव्हा दारातच घुटमळले. मास्तरांनी पायाने भाता हलवत दोन सूर पुढे टाकले, दीड मागे घेतला आणि म्हणाले, “काहून अर्धीच आलीस? आलीस तर पुरी ये की.”

तो ऑर्गन एका मोडलेल्या नाटक मंडळीचा होता. मास्तर तिथे साथीला होते. पण त्यांचा खरा जीव गमतीच्या चिजांत. घाट चढताना दम लागलेली एसटी, बाजारात भांडणाऱ्या दोन जावा, भाषण विसरलेले पुढारी. ज्या माणसावर चीज बसवली त्याला ती आधी ऐकवायची, असा त्यांचा नियम होता. तो हसला, तर नोटेशनचा एकुलता एक कागद त्यालाच द्यायचा. नाही हसला, तर चीज तिथंच संपली. “सोंग त्याचं हाय, कागद बी त्याच्याच घरात ऱ्हावा,” असं ते म्हणत.

पुढे अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला आणि चिजा सलग आठवेनाशा झाल्या. मी तेव्हा बीडला बीएला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. स्नेहसंमेलनात पेटी वाजवायला मी नाव दिलं होतं, आणि मला मास्तरांची ‘म्हैस’ वाजवायची होती. पाण्यात बसून राहिलेली म्हैस आणि काठावरून हाका मारून तिच्या विनवण्या करणारा मालक. तो मालक म्हणजे पालीचे सोपानराव. ते वारले होते. कागद त्यांच्या बायकोकडे, गयाबाईंकडे होता.

गयाबाईंनी नवऱ्याच्या फोटोमागून कागद काढून दाखवला. वाजवू का विचारलं, तर म्हणाल्या, “नगं बाई. ते होते तवर ठीक होतं. आता लोक हसतील, अन् उलटं बोलायला ते न्हाईत.” त्या चहा ठेवायला आत गेल्या तेव्हा मी मोबाईलवर कागदाचा फोटो काढला. लिहायला लाज वाटते, पण काढला.

धारूरला मी चीज वाजवून दाखवली. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. डाव्या हाताची बोटं मांडीवर नाचत होती. संपल्यावर विचारलं, “गया हसली का?”

मी नकाराची मान हलवली.

“कागद तिनं दिला का?”

“फोटो काढला, मास्तर. न विचारता.”

त्यांनी डाव्या हाताने ऑर्गनचं झाकण ओढलं. “मग ही चीज तुझी न्हाई. आता माझी बी न्हाई.”

मी स्नेहसंमेलनातून नाव मागे घेतलं. फोटोही पुसला, पण चीज बोटांत बसली होती. रविवारी मैत्रिणीची पेटी रिक्षात घालून पालीला गेले आणि आधी कबूल केलं.

“दिसलं मला तवाच,” गयाबाई म्हणाल्या. “आतून समदं दिसतंय. आता आलीस तर वाजव.”

तिसऱ्या हाकेला त्यांनी हात वर केला. “हितं ते खोकायचे. म्हैस हाकंला कुठं ऐकायची? खोकल्याला निघायची.” त्यांनी सोपानरावांसारखं खोकून दाखवलं आणि तोंडाला पदर लावून बराच वेळ हसत राहिल्या. मग कागद माझ्या हातात दिला. “वाजव. पण खोकला घाल.”

हे मी धारूरला जाऊन सांगितलं, तेव्हा मास्तर म्हणाले, “खोकला मी ऐकला होता पोरी. सोपान तवाच लई खोकायचा. त्याच्यावर हसावं वाटंना, म्हणून गाळला.” मग म्हणाले, “तिनं सोताच घातला म्हन्ल्यावर घाल. सूर दाबू नको. नुसता भाता हलव.”

मास्तर त्याच वर्षी गेले. तेराव्याला गयाबाई पालीहून आल्या. जेवणं झाल्यावर मला म्हणाल्या, “म्हैस वाजव की.” अशा दिवशी वाजवावं का, मला कळेना. मास्तरांच्या मुलाकडे पाहिलं, तर त्याने होकाराची मान हलवली. मी ऑर्गनपुढे बसले. तिसऱ्या हाकेनंतर बोटं उचलली आणि पाय दाबला. जुना भाता घरघरला. मग आधी गयाबाई हसल्या.