खंडेनवमीला चालू

खंडेनवमीला आमच्या वर्कशॉपमधली सगळी यंत्रं बंद ठेवून पुजतात. एक जुना कॉम्प्युटर तेवढा चालूच असतो. कटिंग मशीन फक्त त्याचंच ऐकतं, आणि तो एकदा बंद केला तर पुन्हा सुरू होईल याची खात्री कुणालाच नाही.

यंदा त्याला कुंकू अण्णांनी, आमच्या जुन्या ऑपरेटरने, लावलं. “ताई, फुलं त्याच्या पंख्यापाशी नकोत,” ते पुटपुटले. मी श्वास रोखून त्याची घरघर ऐकत राहिले. विश्रांती द्यायचीही भीती वाटावी, इतकं कुणावर विसंबावं का?

पूजा आटोपून सगळे घरी निघाले.

“अण्णा, तुम्हीही जा. आज सुट्टी आहे.”

त्यांनी खुर्ची कॉम्प्युटरजवळ ओढली. “लाइट गेली तर जनरेटर कोण लावणार?”

बाकी वर्कशॉप थंड पडलं होतं. चालू होते ते दोघेच.