शेवटचा हात कुणाचा?

मशीन बंद पडलं की आमचे मेंटेनन्सचे अण्णा आधी पाना उचलायचे नाहीत. स्टूल ओढून बसायचे आणि विचारायचे, "शेवटचा हात कुणाचा?" चाकणच्या आमच्या कंपनीत उत्तर ठरलेलं: "कुणाचाच नाही अण्णा, आपोआप बंद पडलं." अण्णा लातूरकडचे. म्हणायचे, "आपोआप निस्ता गंज चढतो." मग कुणीतरी कबूल होईपर्यंत हलायचे नाहीत. कबूल झालेल्यावर रागवायचेही नाहीत. बिघाडाच्या वहीत त्याचं नाव त्यालाच लिहायला लावायचे, बस.

रिटायर व्हायच्या आधी दोन वर्षं खपून त्यांनी पीव्हीसी पाइपची हातभर पाणबुडी केली. रिमोट दाबला की आतली मोठी सिरिंज पाणी ओढायची आणि ती बुडायची. पाणी बाहेर ढकललं की वर. पिंपात सगळं जमलं होतं. मोठ्या पाण्यात बुडून वर आलेली एकदा बघायची आणि मग गावी जायचं, एवढीच त्यांची हौस. शुक्रवारी सामानाचा टेम्पो निघणार होता, म्हणून गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीत अण्णा आणि मी जवळच निघोज्यात, ओळखीच्या आबांच्या शेततळ्यावर गेलो.

आदल्या दिवशी मी एक आगाऊपणा करून ठेवला होता. मी पॅनल वायरिंगचा माणूस. लोंबती वायर दिसली की हात शिवशिवतात. पाणबुडीत एक वायर उगाच लांब सोडलेली दिसली. कापली, टोकाला माझा नेहमीचा पांढरा केबल-टाय मारला. काय देखणं दिसत होतं, राव!

पाणबुडी ऐटीत बुडाली ती बुडालीच. बटणं दाबून अण्णांचे अंगठे दुखले. आबा म्हणाले, "आता न्हाई येत ती. इहिरीतली बादली काढायचा गळ हाय, आणू का?" गळाला लागून निघाली. आत ठणठणीत कोरडी, आणि बाहेर येताच बटणासरशी शेपटीचा पंखा गरगर फिरायला लागला. म्हणजे रिमोटचा सिग्नलच पाण्याखाली पोचत नव्हता. मी कापली ती अँटेना होती.

अण्णांनी आत नीट पाहिलं आणि बांधावर बसले. "शेवटचा हात कुणाचा?"

"कुणाचाच नाही, अण्णा."

ते मीटर लावून बॅटरी मोजायला लागले. मग मोटर. परत बॅटरी. मध्ये दोनदा तेच विचारलं, दोन्ही वेळा मी तेच सांगितलं. उद्या गावी निघालेल्या माणसापुढे माझी जीभच उचलेना. असे तीन तास गेले, दिवस मावळला. "ऱ्हाऊ दे, तूच ठेव ही," म्हणाले, आणि सकाळी टेम्पोत बसून गेले.

पुढच्या गुरुवारी मी वायर होती तेवढी परत जोडली. दहा मिनिटांचं काम. पाणबुडी बुडाली आणि वर आली. तळ्यावरूनच अण्णांना व्हिडिओ कॉल लावला, ती दाखवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

अण्णा हसले. "तुझा टाय मला वळखू येत न्हाई व्हय? उघडल्या उघडल्या बघितला."

"मग तेव्हाच जोडायची ना! पिशवीत वायर होती तुमच्या."

"तू बोलशील म्हणून थांबलो, बाबा."

अण्णा आता नाहीत. मला मात्र अजून लाज वाटते. हौस समोर होती, वायर पिशवीत होती, आणि तो भला माणूस तीन तास तीच बॅटरी मोजत माझ्यासाठी थांबला होता.