गढूळ पाण्यातला फ्लॅश

मला पाण्याची भीती वाटते. मी नागपूरची, पोहायला शिकले तीसुद्धा इथे परदेशात, वॉटर्लूला आल्यावर, छोट्या मुलांच्या बॅचमध्ये. नंतर नवऱ्याला डायव्हिंगचं वेड लागलं आणि त्याच्यामागे मीही कोर्स केला, पास झाले. पण पाण्याखाली गेलं की माझी नजर टाकीतली हवा दाखवणाऱ्या काट्यावरून हलायची नाही. नवरा निवांत इकडेतिकडे बघत पुढे जायचा आणि मी काटा बघत त्याच्या पायातल्या फिन्सच्या मागे. शिकवणारी बाई एकदा म्हणाली, "हातांना काहीतरी काम दे. डोकं आपोआप गप्प बसेल."

कॉलेजात मी फिल्मवर फोटो काढायचे. त्यामुळे पाण्याखालचा एक जुना फिल्म कॅमेरा स्ट्रोबसकट विकायचा आहे अशी जाहिरात दिसली, तेव्हा मी लगेच फोन केला. समोरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी माझी दोन इंग्रजी वाक्यं ऐकून घेतली आणि मराठीत विचारलं, "कुठली गं तू?"

ते अलिबागकडचे ज्यू, बरीच वर्षं इकडेच, स्कारबरोत राहणारे. आयुष्यभर दातांचे डॉक्टर, आणि सुट्टीत इथल्या समुद्राएवढ्या तळ्यांच्या तळाशी बुडालेल्या जहाजांचे फोटो काढणारे. आता कानांनी साथ सोडली म्हणून डायव्हिंग बंद. त्यांच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या टेबलावर त्यांनी कॅमेरा उघडला आणि आतली काळी रबरी रिंग बोटावर घेऊन दाखवली.

"हिच्यावर एक केस जरी राहिला ना बाय, तरी पाणी आत येणार. बोटाने फिरवून बघायचं, डोळ्यांवर विश्वास नाही ठेवायचा."

मग स्ट्रोब. म्हणजे पाण्याखालचा फ्लॅश. चांगला जाड टॉर्चएवढा, लांब दांड्यावर बसवलेला, कॅमेऱ्याला वायरने जोडलेला. तो लेन्सपासून लांब, बाजूला धरायचा, नाहीतर पाण्यातला कचरा उजळतो आणि फोटोत बर्फ पडल्यासारखा दिसतो. एवढं सांगून त्यांनी स्ट्रोब माझ्या हातात दिला.

"याला मात्र घाबरून राहायचं. आत पाणी शिरलं तर सेल गॅस सोडतात. झाकण बंदुकीच्या गोळीसारखं उडतं. उघडताना तोंड कधीही समोर आणायचं नाही."

घरी येताना तो स्ट्रोब माझ्या मांडीवर होता. हायवेवर नवऱ्याने दोनदा विचारलं, "अशी का बसलीयेस आखडून?"

आधी टबमध्ये बुडवून बघितलं. बुडबुडे आले नाहीत. उन्हाळा संपता संपता आम्ही जॉर्जियन बेला, अशाच एका तळ्याच्या खाडीवर, गेलो. तिथे किनाऱ्यावरून बोटीने गेलं की फार खोल नाही अशा ठिकाणी एक जुनं लाकडी शिडाचं जहाज पडलेलं आहे. पाणी इतकं गार की तोंडाचा उघडा भाग आधी दुखतो आणि मग तिथे काही जाणवेनासं होतं. खाली उतरताना नेहमीसारखी माझी नजर काट्यावरच होती. पण कॅमेरा डोळ्यांना लावला आणि खरंच काहीतरी बदललं. या कॅमेऱ्यातून फोकस दिसत नाही, अंतर अंदाजाने ठरवायचं: हे दोन हात, हे तीन हात. स्ट्रोब बारीक आवाजात कुंईकुंई करत चार्ज व्हायचा, लाल दिवा लागायचा, की मी बटण दाबायचे. गंजलेला खिळा. शिंपल्यांनी झाकलेली तुळई. काटा बघायचा मी चक्क विसरले.

जहाजाच्या एका बाजूला डेकचा तुकडा अजून शाबूत होता आणि त्याच्याखाली अंधार. त्यात एक मासा स्तब्ध उभा होता. त्याच्यासाठी मी डोकं आत घातलं, मग खांदे. फोटो घेतला. मासा गेला. मागे सरकायला मी पाय मारले आणि माझ्याच फिन्सनी तळाचा सगळा गाळ उठवला.

क्षणात काही दिसेनासं झालं. हातातला कॅमेराही दिसेना. आम्हाला शिकवलं होतं, जोडीदार दिसला नाही तर थोडं शोधायचं आणि सावकाश वर यायचं. मी वर आले आणि डोकं लाकडावर आपटलं. बाजूला सरकून पुन्हा वर, पुन्हा लाकूड. माझे बुडबुडे डोक्यावरच्या फळ्यांना लागून घरंगळत जात असल्याचा आवाज येत होता. मी भराभर श्वास घेत होते, ते कळत होतं, थांबवता येत नव्हतं. माझी मुलगी मैत्रिणीच्या घरी होती आणि संध्याकाळी तिला आम्हीच घ्यायला जाणार होतो. तिला कोण आणि कुठल्या शब्दांत सांगेल, हे सगळं माझ्या डोक्यात अगदी स्पष्ट चालू झालं.

मग मी बटण दाबलं. फ्लॅश पडला आणि भोवतालचा गाळ पांढराफटक झाला, जणू कुणी तोंडावर पीठ फेकलं. मी पुन्हा दाबलं. पुन्हा. त्याने काही दिसणार नव्हतं हे मला कळत होतं, पण दुसरं काही करणं सुचत नव्हतं.

कशाने तरी माझा घोटा धरला. मी जीव खाऊन लाथ मारली. ती कशावर तरी जोरात बसली आणि पकड सुटली. तेव्हा कुठे लक्षात आलं, तो नवरा होता. आता मी दोघांसाठी घाबरले. माझी लाथ त्याच्या तोंडावर बसली असेल तर मास्क गेला असेल, कदाचित तोंडातली हवेची नळीही. मी जिथून लाथ मारली होती तिकडे मागे मागे सरकत गेले, हात पसरून, आणि एक हातमोजा हाताला लागला. त्याने माझं मनगट आवळलं, ते सोडलंच नाही. त्याने मला ओढलं, आणि गाळ विरळ होऊन हिरवा उजेड दिसला.

वर आल्यावर त्याच्या नाकातून रक्त येत होतं. मास्क त्याने खालीच परत बसवला होता. बोटीच्या शिडीला धरून आम्ही दोघं नुसते धापा टाकत होतो.

"तू फ्लॅश मारला नसतास तर," तो म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, "मी दुसऱ्या बाजूला शोधत होतो. मी खूप घाबरलो होतो गं." पाण्याला घाबरल्याचं त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

बोटीवर आल्यावर दिसलं, स्ट्रोबच्या काचेच्या आत पाणी डुचमळत होतं. कुठेतरी लाकडावर आपटला असणार. किनाऱ्याला लागल्यावर तो पार्किंग लॉटच्या टोकाला गवतावर नेऊन ठेवला आणि मी कॅमेरा विकणाऱ्या त्या काकांना फोन लावला.

"तू ठीक आहेस का, ते आधी सांग," ते म्हणाले. मी सांगितलं. मग ते हळूहळू बोलत गेले: जाड टॉवेल गुंडाळ, झाकण झाडीकडे कर, आपण मागे, थोडं थोडं फिरव.

"मी करतो," नवरा म्हणाला. त्याच्या नाकात कापूस होता. मी नको म्हटलं. खाली मी जे केलं त्यानंतर हे त्याच्यावर टाकणं मला जमलं नसतं. झाकण थोडं फिरलं, फुस्स आवाज आला आणि उग्र वास. मी डोळे गच्च मिटून घेतले होते. उघडले तेव्हा टॉवेल ओला झाला होता, बाकी काही नाही.

फिल्म धुऊन आली. खिळ्याचा फोटो बरा होता. तुळई फोकसबाहेर. मासा म्हणजे नुसती करडी रेघ. शेवटच्या फ्रेम्समध्ये पांढऱ्या ठिपक्यांशिवाय काही नाही, फक्त एकीच्या खालच्या कोपऱ्यात काळ्या हातमोज्याची बोटं आहेत. म्हणजे तो तेव्हा इतका जवळ होता आणि मला माहीत नव्हतं. नवऱ्याने तो फोटो बराच वेळ बघितला.

"हा भिंतीवर नको लावूस," एवढंच म्हणाला.

पुढच्या वसंतात आम्ही पुन्हा पाण्यात उतरलो, छातीएवढ्या पाण्यात, स्ट्रोबशिवाय नुसता कॅमेरा घेऊन. मी उन्हातल्या दगडांचे फोटो काढले. नवरा बाजूला उभा होता, आणि मी डोकं पाण्याखाली घातलं की दर वेळी माझ्या टाकीच्या पट्ट्याला हात लावून ठेवत होता.