पूर्वसूचना न देता

आमच्या चौथीच्या वर्गात कविता सगळे एका सुरात म्हणायचे आणि सगळ्यांचं म्हणून झालं की मागच्या बाकांवरून एक आवाज अर्धी ओळ उशिरा संपायचा. कोणाचा, ते कधीच कळलं नाही. गुरुजी एकेकाला उभं करून म्हणायला लावत, तेव्हा सगळे बरोबर वेळेत... पुन्हा एकत्र म्हटलं की तो आवाज होताच.

साठाहून जास्त वर्षं झाली. यंदा जूनमध्ये, मोताळ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत, तो मला सारखा आठवत राहिला. कोणीतरी आमच्या मागे अर्धं पाऊल राहून चालतंय, असंच वाटायचं.

झालं असं. नात मानसी बारावी सायन्सला चांगल्या मार्कांनी पास झाली. तिला विद्यापीठात जाऊन फिजिक्स शिकायचं आहे. विज्ञानाच्या गरजू मुलांसाठी तिथे एक स्कॉलरशिप असते, तिचा फॉर्म तिने मोबाईलवरच भरला.

मिळाली तर फी, हॉस्टेल, जेवण सगळं सुटतं. नाही मिळाली तर शिक्षण थांबलं... हे तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या मुलाने, तिला आधीच सांगून ठेवलं होतं. तो दुसऱ्याचा टेम्पो चालवतो. खोटी आशा लावणं त्याच्या स्वभावात नाही.

'घरची परिस्थिती' हा परिच्छेद मी लिहून दिला. त्यात दारातल्या कडुनिंबावर चार ओळी होत्या. मानसीने त्या खोडल्या. तशा बऱ्या होत्या, पण असो.

फॉर्मच्या शेवटी बारीक अक्षरात एक वाक्य होतं... आमचा प्रतिनिधी पूर्वसूचना न देता घरी भेट देईल.

आठ दिवसांनी कोपऱ्यावरच्या सायकल दुकानातल्या सलीमने मला हटकलं. "काकाजी, एक म्हातारा तुमचं घर इचारत होता. पोरगी सायन्सले हाय का म्हणे." दोन दिवसांनी गिरणीवाली बाई म्हणाली, एक उंच तरुण हेच विचारून गेला. मग समोरच्या वहिनींनी सांगितलं की चष्मा लावलेली एक बाई कडुनिंबाखाली बराच वेळ आमच्या खिडकीकडे बघत उभी होती. हटकलं तर निघून गेली.

तीन माणसं, तीन चेहरे. वेळ मात्र एकच, दुपारी दोन-अडीचची, गल्लीत कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही तेव्हाची. आमच्या दारापर्यंत कोणीच आलं नव्हतं.

मग एका दुपारी चौकटीवर खडूची खूण दिसली. एक गोल आणि त्याखाली रेघ. मी दाराच्या आतच बाजेवर पडलो होतो आणि जागा होतो. ना कडी वाजली, ना चप्पल...

सूनबाई म्हणाली, सर्व्हेवाले असतील. मी उन्हात गल्लीतली सगळी दारं बघून आलो. खूण फक्त आमच्याच दाराला होती.

तो प्रतिनिधी आता कधीही येईल म्हणून त्या दिवसापासून सूनबाईने कंबर कसली. आमच्याकडे मुलगी पाहायला पाहुणे यायचे असले की साऱ्या गल्लीतून सामान येतं. कोणाच्या खुर्च्या, कोणाच्या कपबशा. तिने तोच बेत मांडला. बहिणीकडून पडदे आले आणि सलीमच्या घरचा फ्रिज हातगाडीवर आला.

मानसी कपाळाला हात लावून म्हणाली, "आई, आपल्याले गरिबी दाखवाची हाय, झाकाची नाई."

"लोकं घरात येतीन अन् काय म्हनतीन?" सूनबाईने एवढंच उत्तर दिलं. खरं सांगायचं तर पडदे मला आवडले होते.

पण पडद्यांनी खोलीत दिवसाही अंधार झाला. त्या अंधारात कोपऱ्यातला तो पांढरा फ्रिज भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसासारखा दिसायचा. मानसी त्याच्याकडे पाठ करून बसायची. हळूहळू तिचं बोलणं बंद झालं.

एकदाच तिने मला विचारलं, "आबा, त्या तपासणीवाल्यानं खिडकीतून फ्रिज पाह्यला असन तं?" आता तो परत पाठवायचीही सोय नव्हती. फ्रिज दाराबाहेर काढताना तो माणूस समोर उभा राहिला तर?

असे जवळजवळ तीन आठवडे गेले. काल दुपारी, त्याच वेळेला, कडी वाजली...

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. शेवटी मीच उठलो. साहेब असेल म्हणून शर्टाची वरची गुंडी लावली आणि दार उघडलं.

दारात मानसीपेक्षा वर्षा-दोन वर्षांनी मोठी असेल अशी एक मुलगी उभी होती. एसटीच्या धुळीने केस भुरे झालेले, छातीशी एक फाईल. म्हणाली, मी दुसरबीडची, याच स्कॉलरशिपवर दुसऱ्या वर्षाला आहे, घरभेटीला आमच्यासारख्यांनाच पाठवतात.

मी विचारलं, याआधी कधी येऊन गेलीस का? ती म्हणाली, नाही आजोबा, आजच पहिल्यांदा आले, आणि दुसऱ्या कोणाला पाठवलेलं नाही. मी चौकटीवरच्या खुणेकडे पाहिलं... घर विचारत आलेले ते तिघं कोण होते, मला अजूनही माहीत नाही.

ती आत येऊन बसली. सूनबाईने घाईघाईने पाणी आणून दिलं. मुलीने तांब्या संपवला आणि फ्रिजकडे पाहिलं. मानसीने मान खाली घातली.

"फ्रिज असून माठातलं पाणी दिलं, काकू," ती हळूच म्हणाली.

सूनबाईच्या तोंडचा रंगच गेला.

"आमच्या आईनं मागच्या वर्षी मामाचा कूलर आणून ठेवला होता," मुलगी म्हणाली. "साऱ्या घरभेटीत बंदच होता."

मग तिने फाईल उघडली. 'फ्रिज' लिहिलेल्या रकान्यापुढे 'नाही' लिहिलं, पेनाला टोपण लावलं आणि मांडी घालून नीट बसली.

"आता चहा मांडा, काकू."